सावलीला एक प्रश्न

तन्वी मगदूमच्या पाळणाघराची बेल दुपारी वाजवायची नाही, हे सांगलीच्या विश्रामबागेत पार्सलवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. हृषीकेश आवटीने ती वाजवली, आणि लगेच कुणी आलं नाही म्हणून पुन्हा वाजवली. आत नुकताच डोळा लागलेली पोरं एकेक करून उठली आणि एका सुरात रडायला लागली. तन्वीच्या हाताखालच्या अश्विनीमावशी दोघांना दोन खांद्यांवर टाकून फेऱ्या मारू लागल्या आणि तन्वी दार उघडायला गेली ती तोंड सोडायच्या तयारीनेच.

दारात तिचा कॉलेजातला वर्गमित्र उभा होता. पोट सुटलेलं, केस मागे हटलेले, खिशावर उन्मेष विद्यापीठाचा निळा बिल्ला आणि हातात भडंगाचं पाकीट. इतक्या वर्षांत त्याने तिला साधा फोन केला नव्हता.

"पोरं उठवलीस," ती म्हणाली. "काय काम आहे ते बोल आणि नीघ."

हृषीकेश हसला. त्याला कुणी कितीही टाकून बोललं तरी तो हसायचा. कॉलेजातही असाच होता, आणि असा होता म्हणूनच आज त्या बिल्ल्यापर्यंत पोचला होता. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला, भडंग मध्ये ठेवलं आणि सांगू लागला. विद्यापीठाने जुन्या विद्यार्थ्यांसाठी योजना आणली होती, नाव 'सन्मानपूर्वक पदवी समर्पण'. ज्यांना पदवीचा काही उपयोग झाला नाही त्यांनी ती परत करायची. समारंभ नाही, फोटो नाही. त्याच्याकडच्या पाटीच्या पडद्यावर अंगठा टेकवला की काम झालं.

तन्वीने विचारलं, यात तिला काय मिळणार.

"सुटका," तो म्हणाला. "तुला माहीत नाही वाटतं. तू आमच्याकडे सावली आहेस."

सावली हा शब्द एव्हाना घराघरांत गेला होता, पण तन्वीने कॉलेज, प्रवेश, निकाल या विषयांवरच्या बातम्या वाचणं कधीच सोडलं होतं. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

पूर्वी विद्यापीठं जाहिरातीत सरासरी छापायची. इतके टक्के नोकरीला लागले, सरासरी पगार इतका. एखादा पोरगा बापाच्या कारखान्यात मालक होऊन बसला की अख्ख्या वर्गाचा पगार फुगायचा, आणि पालक त्या फुगवट्याला भुलून आपली पोरं आणून घालायचे. ओरड फार झाली तेव्हा विद्यार्थी-ग्राहक कायदा आला. कायद्याने सरासरीच बंद केली. दारात आलेल्या प्रत्येक मुलाला एवढंच सांगायचं, की अगदी तुझ्यासारखं जे पोर आमच्याकडे शिकून गेलं, त्याचं पुढे काय झालं.

हे सांगता येईल असं यंत्र तोवर निघालं होतं. त्यात भविष्य वगैरे काही नव्हतं. जुन्या मुलांच्या उत्तरपत्रिका, तोंडी परीक्षांची चित्रणं, कोण ग्रंथालयात कधी गेलं आणि वसतिगृहात कधी झोपलं, हा सगळा ढीग विद्यापीठांकडे पडूनच होता. त्यांची पुढची आयुष्यं करखातं, दवाखाने आणि कोर्टं यांच्या नोंदींतून मिळत. प्रवेश घेताना जो तो न वाचता 'मान्य आहे' म्हणतो, त्यात ही परवानगीही असायची. नव्या मुलाला यंत्रासमोर बसवून प्रश्न विचारायचे. यंत्र उत्तर बघत नाही, उत्तर देण्याची तऱ्हा बघतं. अडला की थांबतो की रेटून बोलतो, चूक दाखवली की मान डोलावतो की वाद घालतो, अशा हजारभर खुणा. त्या जुळवून यंत्र जुन्यांतला सर्वांत जवळचा जीव शोधून काढतं. एकाच स्वभावाची दोन माणसं एकाच वाटेने गेली तर बहुधा एकाच दगडाला ठेचकाळतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. आणि ते दहांत आठ वेळा खरं ठरत होतं.

लोकांनी मात्र त्याची पत्रिका करून टाकली. नारळ घेऊन यायचे, मुहूर्त बघून यायचे, आणि सावली वाईट निघाली की हळूच विचारायचे, काही तोडगा आहे का, शांत करता येते का. लग्न जमवताना मुलीकडचे मुलाची सावली विचारू लागले होते.

छापून दिलेलं कुणी वाचत नाही हे सरकारला अनुभवाने कळलं होतं. म्हणून सावलीची माहिती अधिकाऱ्याने समोर बसवून, मोठ्याने वाचून दाखवायची असा नियम होता. अधिकारी मग विम्याच्या जाहिरातीतल्यासारखे घडाघडा वाचू लागले. त्यावर नियम आणखी आवळला गेला. मूळ मजकुराची चाल, त्यातले थांबे, सगळं तसंच राखायचं. खोलीत एक यंत्र ऐकत बसतं, आणि घाई केली तर वाचन रद्द होतं. उन्मेषचा वाचक अधिकारी हृषीकेशच होता.

"माझं वाच," तन्वी म्हणाली.

तो नको नको म्हणाला, पण त्याला तिचा स्वभाव माहीत होता. त्याने पाटी डोळ्यांसमोर धरली आणि सवयीच्या संथ आवाजात वाचलं.

"सावली स्त्री. ऊती-अभियांत्रिकीची पदवीधर. पदवीच्या क्षेत्रात नोकरी नाही. सहा वर्षं बेरोजगार. विवाह, पुढे विच्छेद. मनोरुग्णालयात अकरा महिने. सध्या लहान मुलं सांभाळण्याचा व्यवसाय. एकटी राहते."

तन्वीचे कान तापले. तिचे वडील, आप्पा, मरेपर्यंत लोकांना सांगत आले की पोरगी अकरा महिने बेळगावला कोर्सला गेली होती. त्या एका खोट्यावर हे पाळणाघर उभं होतं. मनोरुग्णालय हा शब्द सांगलीत कुणी उच्चारत नाही, सरळ वेड्यांचं इस्पितळ म्हणतात. तिथे राहून आलेल्या बाईच्या हातात आपलं सहा महिन्यांचं मूल कोण देईल? आणि इकडे हा गृहस्थ दर उन्हाळ्यात अनोळखी पोरींना हेच वाचून दाखवत होता. नाव नव्हतं, खरं आहे. पण नाव सोडून बाकी सगळं होतं.

हृषीकेशने हात जोडल्यासारखं केलं. कायदा पदवी असलेल्यांनाच मोजतो, तो म्हणाला. पदवी परत केली की ती सावली राहणार नाही, आणि तिचं आयुष्य पुन्हा कुणाच्या कानांवर जाणार नाही. एक अंगठा.

तिने पाटी हातात घेतली. खोटं कशाला बोला, अंगठा पडद्याच्या अगदी जवळ गेला होता. पण तन्वीला लहानपणापासून एक खोड होती. मनाला न पटलेलं उत्तर ती गिळू शकत नसे.

"आजच का आलास?" तिने विचारलं.

तो म्हणाला, असंच, सवड मिळाली. तिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, योजना नवी आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं, की सोमवारच्या आत झालं तर बरं पडेल. सोमवारी काय आहे म्हणून विचारलं तर महिनाअखेर म्हणाला. महिना नुकता लागला होता.

तिने पाटी त्याच्या मांडीवर ठेवली आणि फाटक उघडून उभी राहिली. भडंगाचं पाकीट तिथेच राहिलं.

संध्याकाळी शेवटचं पोर घरी गेल्यावर तन्वीने कायद्याच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. पलीकडे माणूस नव्हताच, पण आवाज गोड होता. तिने नाव आणि ओळख सांगितली. आवाज म्हणाला, "आपल्या नावावर एक भेट-विनंती आहे. मुदत सोमवारी संध्याकाळपर्यंत. विद्यापीठाने आपल्याला कळवलं असल्याची नोंद आहे."

विद्यापीठाने काय कळवलं होतं ते व्हरांड्यातल्या बाकावर पडलं होतं, शेंगदाणे आणि लसणीसकट.

तिने पुन्हा पुन्हा विचारून सगळं काढून घेतलं. कायद्यात एक कलम होतं, जे कुणी वापरत नसे. ज्या मुलाला सावली वाचून दाखवली, त्याला त्या सावलीला समक्ष भेटून एक प्रश्न विचारायचा हक्क होता. सावली तयार असली तर. मात्र विद्यापीठांनी भाड्याची माणसं सावली म्हणून उभी करू नयेत यासाठी, जी सावली भेटायला तयार होईल तिचं नाव जाहीर करायचं. त्या भेटीत जे बोललं जाईल ते शब्दशः त्या अभ्यासक्रमाच्या माहितीला जोडायचं आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचून दाखवायचं. हजर असलेला आणखी कुणी माजी विद्यार्थी बोलला तर त्याचंही.

आता सगळं लख्ख झालं. कुणी एक पोरगी तन्वीला भेटायचं म्हणत होती. सोमवारपर्यंत तन्वीने पदवी परत केली की सावलीच नाहीशी, मग भेट कुणाची आणि प्रश्न कुणाला? यंत्र त्या पोरीला दुसरी कुणी जवळची सावली देईल, जरा बऱ्या नशिबाची.

तन्वी अंधार पडेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. तिला आधी वाटलं होतं की आपला राग आपलं गुपित वाचलं जातं याचा आहे. पण ते वाचन मनात पुन्हा ऐकताना वेगळंच काही टोचू लागलं. त्यात जे होतं ते सगळं खरं होतं. जे नव्हतं ते उन्मेषचं होतं.

ऊती-अभियांत्रिकी म्हणजे प्रयोगशाळेत माणसाची कातडी, कूर्चा असं वाढवण्याची विद्या. भाजलेल्या माणसाला त्याच्याच पेशींपासून नवी कातडी लावता येते हे ऐकून तन्वी त्या अभ्यासक्रमाला गेली होती. उन्मेषच्या प्रयोगशाळेत टेबलं होती, नळ होते, भिंतीवर पेशीचं रंगीत चित्र होतं. यंत्रं नव्हती. अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या परिषदेची तपासणी असली की आदल्या दिवशी संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून टेम्पो यायचा आणि मुलांनीच यंत्रं उतरवून मांडायची. समिती जेवून गेली की पुन्हा टेम्पोत चढवायची. पेशी वाढवायच्या इन्क्युबेटरचं खोकं जड असायचं. त्याची एक बाजू तन्वी धरायची आणि दुसरी हृषीकेश. खोकं जिन्यात टेकवून ती विचारायची, हे आपल्याला वापरायला कधी मिळणार. प्राध्यापकांना विचारलं, विभागप्रमुखांना विचारलं, शेवटी कुलगुरूंच्या गाडीसमोर उभं राहून विचारलं. तिचे तोंडी परीक्षेचे गुण तेव्हापासून घसरत गेले. हृषीकेशने कधीच काही विचारलं नाही, आणि त्याला शेवटच्या वर्षाच्या निकालाआधीच विद्यापीठात नोकरी लागली, मान्यता आणि कागदपत्र विभागात.

तन्वीला हैदराबादच्या एका मोठ्या इस्पितळाकडून बोलावणं आलं तेव्हा हृषीकेश स्टेशनवर सोडायला आला होता. वाटेत खायला म्हणून त्याने तिला भडंग दिलं होतं. तिकडे मुलाखत घेणाऱ्या बाईंनी यादी तपासली आणि सौम्यपणे सांगितलं, की तुमच्या तुकडीची मान्यता परिषदेने काढून घेतली आहे. तुमची पदवी आमच्या लेखी पदवी नाही. दोन तुकड्यांची मान्यता गेली होती आणि मुलांना कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती. पुढे उन्मेषने नवी यंत्रं घेतली, नवी मान्यता मिळवली आणि आज त्यांच्या माहितीत 'मान्यताप्राप्त' असंच येत होतं. तेही खरंच होतं.

त्यानंतरची सहा वर्षं तन्वीने अर्ज, खेटे आणि सुनावण्या यांत घातली. नवरा म्हणाला, सोड आता. तिला सोडता येईना, म्हणून त्याने तिला सोडलं. शेवटी शेवटी ती झोपेतही कुलगुरूंच्या गाडीसमोर उभी असायची. मग ते अकरा महिने.

भडंगाच्या पाकिटाकडे बघताना तिच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली, आणि ती इतकी वर्षं कशी आली नाही याचं तिला नवल वाटलं. परिषदेचं पत्र विद्यापीठात आलं असेल तर कुठल्या विभागात आलं असेल?

रविवारी हृषीकेशचा फोन आला. तिने सोमवारच्या भेटीला होकार कळवला हे त्याला समजलं होतं. आता तो हसत नव्हता.

"नाव जाहीर होतं, माहितीये ना? सोमवारी रात्री ते सगळ्यांच्या फोनवर असेल. मंगळवारी तुझ्याकडे पोरं येतील असं वाटतं तुला?"

तन्वीने फोन ठेवला. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. या पाळणाघरानेच तिला पुन्हा माणसांत आणलं होतं. त्या पोरांच्या दुधाच्या वेळा, शी-शू, तापाच्या मात्रा यांच्या आधाराने ती गेली कित्येक वर्षं उभी होती. हे गेलं तर पुढे काय? रात्री तिने अश्विनीमावशींना फोन करून सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या की त्यांना बेळगावचं कधीच खरं वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी तन्वी फाटकात उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक पालकाला तिने, मूल हातात घेण्याआधी, एकच गोष्ट सांगितली. मी अकरा महिने मनोरुग्णालयात होते. आता औषध नाही, त्रास नाही. आज रात्री हे तुम्हाला दुसरीकडून कळणार आहे, म्हणून मी सांगते आहे.

एक बाई ऐकता ऐकता मुलाला छातीशी धरून मागे सरकली आणि तशीच गाडीत जाऊन बसली. एकीने विचार करून कळवते असं सांगितलं आणि पोराच्या कपड्यांची पिशवी मागून घेतली. दोन सख्ख्या जावा फाटकातच आपसांत भांडल्या आणि दोघींनीही मुलं परत नेली. अर्णव शेटे म्हणून एक वकील होता, त्याची मुलगी तन्वीकडे चालायला शिकली होती. तो सगळ्यांत शांत राहिला, म्हणून त्याचंच सगळ्यांत लागलं.

"तुम्ही हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "आम्हीही ग्राहकच आहोत, तन्वीताई. आमचा हक्क होता."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. तो मुलीला घेऊन गेला. मुलगी बापाच्या खांद्यावरून तन्वीकडे हात पसरून रडत होती आणि तो वळून बघत नव्हता.

आत चार पोरं उरली. त्यांतल्या दोघांचे आईबाप घाईत होते आणि त्यांनी नीट ऐकलंच नव्हतं अशी तन्वीला शंका होती.

उन्मेष विद्यापीठ तासगाव रस्त्यावरच्या माळावर आहे. वाचनाच्या दालनाबाहेर नारळाच्या पिशव्या मांडीवर घेऊन पालक बसले होते. भेटीची खोली लहान होती. भिंतीत ऐकणाऱ्या यंत्राचा हिरवा दिवा लागायचा होता, आणि साक्षीला अधिकारी म्हणून हृषीकेश कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. तन्वी आत आली तेव्हा तो उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, अजून वेळ गेलेली नाही, पाळणाघराचा विचार कर.

"सकाळीच सगळ्यांना सांगून आले," तन्वी म्हणाली. "आता तुझ्याकडे मला घाबरवायला काय उरलंय?"

तो जागेवर जाऊन बसला.

पोरगी आपल्या आईबरोबर आली. नाव इरावती चौगुले, गाव तासगावच्या पलीकडचं. वेणी घट्ट, चपला धुळीने माखलेल्या, आणि नजर अशी की समोरच्याला उगाच आपलं काही चुकलंय असं वाटावं. तिने नमस्कार केला नाही. आपलाच तपासणीचा रिपोर्ट बघावा तशी तन्वीकडे बघत राहिली. आई मात्र आल्या आल्या भडकली.

"आमची पोरगी तुमच्यागत हाय म्हणत्यात," ती म्हणाली. "आमच्या पोरीला काय झालंय? धडधाकट हाय ती. तुमचं काय का झालं असंना, आमच्या पोरीच्या माथी कशाला मारायलाय?"

हृषीकेशने तिला समजावलं की प्रश्न फक्त मुलीने विचारायचा आहे, आणि एकच. हिरवा दिवा लागला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला नेहमीचा प्रश्न अपेक्षित आहे. मी इथे येऊ का, असंच सगळे विचारतील. आणि त्यावर सावली काहीही म्हणाली तरी, त्यांचं वैयक्तिक मत, असं म्हणून मोकळं होता येतं.

इरावती म्हणाली, "तुमच्या वर्गात ज्यांनी कधीच काही विचारलं नाही, त्यांचं काय झालं?"

तन्वीला त्या पोरीबद्दल माया वगैरे काही वाटली नाही. उलट थोडा धाकच वाटला. यंत्राने जोडी बरोबर लावली होती.

"त्यांचं बरं झालं," ती म्हणाली. "त्यांना इथेच नोकऱ्या लागल्या. तुला वाचून दाखवलं ना, की तुझ्यासारख्यांचं इथे वाटोळं होतं? ते खरं आहे. पण 'तुझ्यासारख्यांचं' एवढं लक्षात राहतं सगळ्यांच्या. 'इथे' कुणी ऐकतच नाही."

मग तिने टेम्पोचं सांगितलं. खोक्याचं, जिन्याचं, हैदराबादच्या यादीचं सांगितलं. तिचा आवाज चढला नाही. हृषीकेश पाटीवर बघत होता आणि त्याचा अंगठा पाटीच्या कडेवरून उगाचच फिरत होता. इरावतीची आई आता खुर्चीच्या टोकावर येऊन ऐकत होती.

"त्या खोक्याची दुसरी बाजू यांनी धरली होती," तन्वी म्हणाली आणि कोपऱ्याकडे वळली. "हेही इथलेच माजी विद्यार्थी आहेत. हृषी, मान्यता गेल्याचं पत्र तुझ्या विभागात आलं होतं. मला स्टेशनवर सोडायला आलास, तेव्हा तुला माहीत होतं का?"

हृषीकेशने मान वर केली. त्याने आधी तन्वीकडे बघितलं, मग हिरव्या दिव्याकडे. हो म्हटलं तर नोकरी जाणार होती. नाही म्हटलं तर ते खोटं पुढच्या प्रत्येक मुलाला मोठ्याने वाचावं लागणार होतं, आणि पत्रावर तारीख होती. त्याने नेहमीप्रमाणे हसायचा प्रयत्न केला, पण ते हसू काही जमलं नाही. तो गप्प बसला. बाहेर दालनात कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, कुणीतरी नारळाची पिशवी उचलली, दार लागलं, आणि तो गप्पच होता. तन्वीने त्याला सोडवलं नाही. इरावतीही नाही. शेवटी ठरलेली वेळ संपली आणि हिरवा दिवा आपोआप विझला.

इरावती उठली. जाताना ती तन्वीला काही म्हणाली नाही. दारापाशी थांबून तिने हृषीकेशलाच विचारलं, "हेपण वाचणार ना तुम्ही?" आणि उत्तराची वाट न बघता आईला घेऊन निघून गेली. तिने उन्मेषला प्रवेश घेतला नाही, एवढंच तन्वीला पुढे कळलं.

तन्वीच्या पाळणाघरात त्या वर्षी पोरं चाराची सहा झाली, त्यापुढे गेली नाहीत. फाटकावर तिने काही पाटी वगैरे लावली नाही. नवा पालक आला की अकरा महिन्यांचं ती स्वतः तोंडाने सांगते, आणि बरेच जण तिथूनच परत जातात. शेटे वकिलांची मुलगी आता दुसरीकडे जाते. रस्त्यात दिसली तर तन्वीला ओळखत नाही. तन्वीला त्याचं अजून वाईट वाटतं.

उन्मेषने त्या भेटीतलं बोलणं माहितीतून काढून टाकायची खटपट केली, पण कायदा हलला नाही. विद्यापीठाने मग एवढंच केलं, की हृषीकेशला बढती दिली नाही आणि बदलीही दिली नाही.

म्हणून दर उन्हाळ्यात दालन भरतं. पालक नारळ घेऊन येतात, मुलं नखं खात बसतात. हृषीकेश आवटी प्रत्येकाला समोर बसवून संथ आवाजात वाचतो. टेम्पोचं वाचतो, जिन्याचं वाचतो, हैदराबादचं वाचतो. मग स्वतःला विचारलेला प्रश्न वाचतो. त्यापुढे मजकूर नाही, नुसता थांबा आहे, आणि तो कायद्याप्रमाणे जेवढा होता तेवढाच राखावा लागतो. कमी केला तर यंत्र वाचन रद्द करतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेवढा वेळ हृषीकेश पाटी हातात धरून गप्प बसून राहतो, आणि समोरचं मूल त्याच्या तोंडाकडे बघत असतं.